पावसाळ्यात लादी पाव, तवसळी आणि नानकटाई : ओटीजीत नेमकं काय बिघडतंय?

मोगरा_घोडबंदर

नमस्कार. तीन पदार्थांबद्दल विचारायचं आहे. तिन्ही ओटीजीत (ओव्हन-टोस्टर-ग्रिलमध्ये) करते आणि पाऊस लागला की तिन्ही बिघडतात. ओटीजी २८ लिटरचा, वर दोन आणि खाली दोन रॉड, आत पंखा नाही. घरात सहा माणसं आहेत, अंडं चालत नाही.

लादी पाव : मैदा ५०० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट १० ग्रॅम, कोमट पाणी ३४० मिली, साखर ३० ग्रॅम, मीठ ८ ग्रॅम, लोणी ४० ग्रॅम. मळून दीड तास फुगवते, १६ गोळे करून ९ इंची चौकोनी टिनमध्ये पुन्हा तासभर. २०० वर २० मिनिटं. जानेवारीत याच मापाने पाव चांगला होतो. आता पीठ हाताला चिकटतं, गोळे पसरतात, टिन ओव्हनमध्ये सरकवताना जरा हललं तरी मधले गोळे बसतात. वरून गडद तपकिरी, बूड पांढरं आणि दमट. ताज्या पावालाही आंबूस, दारूसारखा वास. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तोडला तर आत चिकट धागे ताणले जातात आणि पिकून गेलेल्या खरबुजासारखा वास येतो.

तवसळी : बाजारात मोठी तवसं (जून काकड्या) आली आहेत म्हणून केली. कडा छान भाजल्या, पण मध्ये रवा कचकचीत राहिला आणि खाली पाणी सुटलं.

नानकटाई : ओव्हनमधून काढली तेव्हा खुसखुशीत होती. रात्री डब्यात भरली, सकाळी सादळलेली.

तिन्हींची पावसाळ्यातली मापं आणि वेळा हव्या आहेत. पावात थोडी कणीक घालता येईल का, तेही सांगा.

---

जुनी_भट्टी

पावाचं आधी सांगतो, कारण त्यात एकाच वेळी चार गोष्टी घडताहेत.

पहिली गोष्ट म्हणजे पिठाचं तापमान. सध्या ठाण्यात घरातली हवा २८-३० अंशांवर आहे, मैदाही तेवढाच. त्यात कोमट पाणी घातलं की मळून होईपर्यंत पीठ ३२-३३ अंशांवर जातं, आणि वर ५०० ग्रॅमला १० ग्रॅम यीस्ट. असं पीठ अर्ध्या-पाऊण तासात दुप्पट होतं. तुम्ही दीड तास ठेवता, म्हणजे ते फुगून, ताणून थकलेलं असतं. दारूसारखा वास त्याचाच. हललं की बसतं तेही त्यामुळेच : आतली जाळी इतकी पातळ झालेली असते की हवा धरवत नाही.

इन्स्टंट यीस्टला कोमट पाणी लागत नाही. ते थेट मैद्यात मिसळायचं. (दाणेदार अ‍ॅक्टिव्ह ड्राय यीस्ट असेल तर मात्र ३८-४० अंशांच्या थोड्या पाण्यात १० मिनिटं फुलवून घ्यावं लागतं.) आपल्याला मळलेलं पीठ २६ अंशांच्या आसपास हवं. त्याचा हिशोब सोपा आहे. २६ गुणिले ३ म्हणजे ७८. त्यातून हवेचे २९, मैद्याचे २९ आणि मळताना हातांनी वाढणारे साधारण ३ वजा करा. उरले १७. म्हणजे पाणी १७ अंशांचं. थर्मामीटर नसेल तर निम्मं फ्रिजमधलं आणि निम्मं नळाचं घ्या, जवळपास तेवढंच येतं.

दुसरी गोष्ट पाणी. ५०० ला ३४० म्हणजे ६८ टक्के. आपला नेहमीचा मैदा एवढं पाणी पावसाळ्यात पेलत नाही, कारण उघड्या डब्यातल्या मैद्याने हवेतला ओलावा आधीच ओढलेला असतो. पाकिटावर प्रोटीन बघून घ्या, १०० ग्रॅममागे १० ग्रॅम किंवा जास्त असेल तो मैदा पावाला घ्या. आणि ठरवलेल्या पाण्यातलं २० मिली नेहमी बाजूला ठेवा, पीठ मागेल तरच घाला.

तिसरी गोष्ट टिन. तुमचं सगळं पीठ मिळून ९२५ ग्रॅमच्या वर जातं. ९ इंची टिनमध्ये १६ गोळ्यांना ते जास्त होतं. गोळे दाटीवाटीने वर चढतात, वरच्या रॉडच्या जवळ जाऊन लवकर करपतात आणि मधले आतून कच्चे राहतात.

चौथी गोष्ट, ती धाग्यांची. ते यीस्टमुळे नाही, त्यावर खाली वेगळं लिहितो.

९ इंची टिनसाठी हे माप घ्या : मैदा ४०० ग्रॅम, दूध पावडर २० ग्रॅम, साखर २० ग्रॅम, मीठ ८ ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ४ ग्रॅम (सपाट सव्वा ते दीड छोटा चमचा), पाणी २४० मिली, लोणी ३० ग्रॅम. सगळं मिळून ७२० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे १६ गोळे ४५-४५ ग्रॅमचे. गोळे वजन करूनच पाडा. अंदाजाने पाडले तर लहान आधी भाजतात आणि मोठे मागे राहतात.

लोणी आणि मीठ सोडून बाकी सगळं एकत्र करून २० मिनिटं झाकून ठेवा. नुसतं पडून राहिल्यानेच पीठ निम्मं मळलं जातं, चिकटपणाही कमी होतो. मग मीठ घालून ५ मिनिटं आणि लोणी तीन-चार वेळा थोडं थोडं घालत आणखी ७-८ मिनिटं मळा. लोणी घातल्यावर पीठ एकदम फुटल्यासारखं आणि ओशट दिसेल. तिथे घाबरून मैदा भुरभुरू नका, दोन-तीन मिनिटांत ते परत एकजीव होतं. ओट्यावर चिकटतंय म्हणून मूठमूठ मैदा टाकत गेल्यामुळेच बहुतेक घरचे पाव कोरडे होतात. हाताला पाण्याचं किंवा तेलाचं बोट लावा. छोटा गोळा दोन्ही हातांनी हळूहळू ताणला की न फाटता पातळ पडदा व्हायला हवा, पलीकडचं बोट दिसेल इतका.

फुगलंय की नाही हे घड्याळाने ठरवायचं नाही. मळून झालं की त्यातला ३० ग्रॅमचा गोळा सरळ उभ्या काचेच्या ग्लासात दाबून बसवा, वरच्या पातळीला रबर बँड लावा आणि ग्लास मोठ्या पातेल्याशेजारीच ठेवा. ग्लासात दुप्पट झालं की पातेल्यातलंही झालं. सध्याच्या हवेत याला ५० मिनिटं ते एक तास लागेल. पातेल्यात पीठ घुमटासारखं दिसतं, दुप्पट झालं की नाही हे नजरेला नेमकं कळत नाही. ग्लासात ते लपत नाही.

गोळे करताना वरचा पापुद्रा ताणून खाली चिमटा. हे वळणं नीट झालं नाही तर गोळा वर जाण्याऐवजी आडवा पसरतो. टिनमध्ये चार-चारच्या ओळी, मध्ये जेमतेम एक सेंटिमीटर जागा. दुसरं फुगवणं ३५ ते ४५ मिनिटं. बोट ओलं करून कडेच्या गोळ्यावर हलकं दाबा. खड्डा लगेच भरून आला तर अजून वेळ आहे, हळूहळू अर्धा भरला तर ओव्हनमध्ये घाला, तसाच राहिला तर उशीर झाला. उशीर झालाच तर तो पाव तसाच भाजू नका. गोळे परत वळा आणि २०-२५ मिनिटांनी भाजा, जरा दाट होईल पण बसणार नाही.

ओटीजी दोन्ही रॉडवर २०० अंशांना किमान १५ मिनिटं तापवा. दिवा विझला म्हणजे भिंती तापल्या असं नाही. टिन खालून दुसऱ्या खाचेत, थेट जाळीवर ठेवा. सोबत आलेल्या काळ्या ट्रेवर टिन ठेवलं की खालची आच अडते. तुमचं बूड पांढरं राहण्याचं हे एक कारण असू शकतं, दुसरं म्हणजे चकचकीत अ‍ॅल्युमिनियम, ते उष्णता परतवतं. आत गेल्यावर १९० करा, एकूण २० ते २२ मिनिटं. पहिली १२ मिनिटं दार अजिबात उघडू नका. रंग आला की वर फॉइल सैल टाका. मधल्या पावात थर्मामीटर खुपसला तर ९३-९५ अंश दिसायला हवेत.

काढल्याबरोबर वरून लोणी लावा, ५ मिनिटांनी टिनमधून बाहेर काढून जाळीवर. टिनमध्येच राहिला तर वाफ खाली साचते आणि बूड भिजतं. मऊ पापुद्र्यासाठी वर कोरडा सुती पंचा टाका.

आता धागे. याला तार सुटणं म्हणतात. बॅसिलस जातीच्या जिवाणूंचे बीजाणू मैद्यात असतात, ते भाजण्यातूनही वाचतात आणि पाव दमट, उबदार राहिला की आतला गर चिकट करून टाकतात. खरबुजासारखा वास ही त्याची खूणच आहे. तो पाव खाऊ नका, भाजूनही नको, सरळ टाकून द्या. पावाचा डबा, सुरी, जाळी, पाट सगळं गरम पाण्याने धुऊन व्हिनेगरने पुसा आणि कडकडीत वाळवा, कारण कोपऱ्यातल्या चुऱ्यातून ते पुढच्या घाण्यात येतं. पुढच्या वेळी २४० मिली पाण्यातलं १५ मिली काढून त्याऐवजी तेवढंच साधं पांढरं व्हिनेगर घाला. एवढं चवीला लागत नाही, पण पीठ किंचित आंबट झालं की हे जिवाणू वाढत नाहीत. पाव पूर्ण भाजा, पूर्ण गार करा (दीड-दोन तास), मगच भरा.

---

नौपाडा_किचन

वरच्या सगळ्याला अनुमोदन. साठवणीबद्दल थोडी भर घालते. पावसाळ्यात पाव बाहेर एक दिवसाच्या वर ठेवू नये. आणि फ्रिजमध्ये तर ठेवूच नये, तिथे बुरशी उशिरा लागते पण पाव सगळ्यात लवकर शिळा, कोरडा होतो, कारण स्टार्च त्या थंडीत भराभर कडक होतं. गार झाल्यावर चार-चारच्या लाद्या करून पिशवीत हवा काढून थेट फ्रीजरमध्ये ठेवा. लागेल तेव्हा गोठलेलीच लादी फॉइलमध्ये गुंडाळून १६० अंशांवर १०-१२ मिनिटं.

मैदा आणि रवाही पावसाळ्यात फ्रिजमध्ये ठेवते, किडे होत नाहीत. पण डबा बाहेर काढला की लगेच उघडू नका. तासभर बंदच राहू द्या, नाहीतर थंड पिठावर हवेतलं पाणी धरतं आणि गुठळ्या होतात.

---

मोगरा_घोडबंदर

एवढं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. ट्रेवरच टिन ठेवत होते, ते आजपासून बंद.

दोन शंका. कणकेचं राहिलं. आणि आमच्याकडे जोराचा पाऊस आला की संध्याकाळी लाईट जाते. पीठ फुगायला ठेवलेलं असताना किंवा भाजणी अर्ध्यावर असताना गेली तर काय करायचं?

---

जुनी_भट्टी

कणीक : ४०० पैकी १२० ग्रॅम कणीक, २८० मैदा. त्याहून जास्त घातली तर लादीचा मऊपणा जातो. चक्कीवर दळताना गव्हाचं स्टार्च जास्त फुटतं, शिवाय कोंडा असतो, त्यामुळे कणीक मैद्यापेक्षा जास्त पाणी पिते. एकूण पाणी २५५ करा. आधी कणीक त्यातल्या १२० मिली पाण्यात अर्धा तास भिजवून ठेवा. कोंडा भिजला की तो मळताना पडदा कापत नाही. गिरणीतून नुकतीच आणलेली कणीक गरम असते, ती पसरून गार करून घ्या, नाहीतर वरचा पाण्याचा हिशोब चुकतो.

लाईट : पीठ फुगत असताना गेली तर ओव्हनचा प्रश्नच नाही, पीठ दाबून हवा काढा आणि झाकून फ्रिजमध्ये टाका. थंडीत ते हळू चालतं, रात्रभर राहिलं तरी चालेल आणि चव उलट वाढते. फ्रिज बंद असला तरी दार उघडलं नाही तर दोन-तीन तास गारवा टिकतो. गोळे टिनमध्ये लावलेले असतील तर टिन तसंच फ्रिजमध्ये.

भाजणी अर्ध्यावर असेल तर दार उघडू नका. १० मिनिटांत लाईट आली तर पुढे चालू ठेवा आणि ५-६ मिनिटं वाढवा. नाही आली, आणि पहिली १२-१३ मिनिटं होऊन गेली असतील तर पाव उभा राहिलेला असतो. जाड बुडाच्या पातेल्यात जाळी ठेवून गॅसवर तापवा, टिन मावत नसेल तर लादी दोन भागांत तोडून आत ठेवा, झाकण घालून मंद आचेवर १० मिनिटं. वर रंग येणार नाही, पण आतून शिजेल.

एक महत्त्वाचं. २८ लिटरचा ओटीजी १५००-१६०० वॅटचा असतो, म्हणजे सुमारे ७ अँपिअर. तो ६ अँपिअरच्या छोट्या सॉकेटवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डवर लावू नका. १६ अँपिअरचा पॉवर पॉइंटच हवा. प्लग हाताला गरम लागत असेल तर आधी इलेक्ट्रिशियनला दाखवा. आणि रॉड तापायला वेळ लागतो, रंग उशिरा येतो असं संध्याकाळीच होत असेल तर व्होल्टेज कमी असतं. ओव्हनमध्ये टांगायचा गोल थर्मामीटर घेऊन ठेवा. बटणावरच्या आकड्यात आणि आतल्या तापमानात २० अंशांचा फरक सहज असतो.

---

वेंगुर्ले_ऐरोली

तवसळीचं मी सांगते.

तुमचा रवा कचकचीत राहिला, याचा अर्थ तो भाजणीच्या आधी शिजलेला नव्हता. तवसळी म्हणजे केक नव्हे, ओव्हनमध्ये तिला फक्त खरपूसपणा येतो. रवा पातेल्यातच शिजवून घ्यायचा असतो. आणि खाली पाणी सुटलं ते याच कारणाने : जो रस रव्याने प्यायला हवा होता तो तसाच राहिला.

तवसं मोठं, पिवळसर व्हायला लागलेलं घ्या. जांभळी नाक्याच्या मंडईत या दिवसांत मिळतं. कोवळ्या काकडीला नुसतं पाणी असतं, सुवास नसतो. दोन्ही टोकं कापून चाखून बघा. कडवट असेल तर पूर्ण तवसं बाजूला ठेवा, गूळ घालून कडवटपणा लपत नाही. साल काढा, आतल्या जून बिया आणि त्यांच्याभोवतीचा गर काढून टाका, बाकीचं किसा. रस पिळून टाकायचा नाही.

७ इंची गोल टिनला : कीस रसासकट ३ वाट्या, तांदळाचा जाडसर रवा (इडली रवा चालतो) दीड वाटी, चिरलेला गूळ सव्वा वाटी, ओलं खोबरं पाऊण वाटी, तूप ३ मोठे चमचे, मीठ पाव चमचा, वेलची आणि सुंठ, हवे तर काजू. वाटी सगळ्याला एकच वापरा.

दोन चमचे तुपात रवा मंद आचेवर ८-१० मिनिटं भाजा. रंग बदलू द्यायचा नाही, फक्त हलका झाला आणि खमंग वास आला की थांबा. दुसऱ्या पातेल्यात कीस, गूळ, मीठ घालून उकळी आणा. गुळाने कीस आणखी पाणी सोडतो, ते पाहूनच रवा घालायचा. उकळत्या रसात रवा वैरा, खोबरं घाला आणि झाकून मंद आचेवर १० मिनिटं. मग दाणा बोटात चिरडून बघा. मध्ये पांढरा कण लागला तर पाव-पाव वाटी उकळतं पाणी घालत शिजवा, साधारण अर्धी ते पाऊण वाटी लागतं. झाकण ठेवून २० मिनिटं तसंच मुरू द्या. उलथनं उभं केलं की मिश्रण जड होऊन गोळ्याने खाली पडलं पाहिजे. ओघळत असेल तर परत आचेवर आटवा.

टिनला तूप लावून तळाला हळदीचं पान घाला, शिर कापून, गुळगुळीत बाजू वर. श्रावणात पातोळ्यांसाठी पानं येतात तेव्हा दोन जास्त घ्या. मिश्रण दीड इंचाच्या वर भरू नका. त्याहून जाड थर मध्ये भाजला जात नाही, कडा मात्र कडक होतात. वर उरलेलं तूप सोडा, १८० अंशांवर ४५ मिनिटं, शेवटची ५ मिनिटं फक्त वरचा रॉड. गावाकडे पातेल्याच्या झाकणावर निखारे ठेवतात ते याच वरच्या खरपूस थरासाठी.

गरम असताना कापायची नाही. दोन तास तरी थांबा, थंड होताना ती धरते. वर पातळ तूप किंवा नारळाचं दूध. सोडा बरेच जण घालतात, मला तो नको वाटतो. रवा नीट शिजला असेल तर तवसळी आपोआप हलकी होते, सोड्याने तवशाचा वास दबतो.

---

खुसखुशीत

नानकटाईसाठी : मैदा १५० ग्रॅम, बेसन ५० ग्रॅम, बारीक रवा २५ ग्रॅम, पिठीसाखर ११० ग्रॅम, साजूक तूप १२५ ग्रॅम, बेकिंग पावडर अर्धा छोटा चमचा, खाण्याचा सोडा चिमूटभर, वेलची-जायफळ, मीठ चिमूटभर. २० ग्रॅमच्या २२-२३ होतात.

तूप थिजलेलं, रवाळ हवं. पातळ तुपाने नानकटाई पसरते. तूप आणि साखर हाताने ५-६ मिनिटं फेसा, रंग पांढुरका होईपर्यंत, मग चाळलेली पिठं घालून नुसतं गोळा करा. मळायचं नाही, मळलं की चिवट. हवा गरम असल्यामुळे (दिवाळीआधीच्या ऑक्टोबर हीटमध्ये तर नक्कीच) वळलेल्या नानकटाया ट्रेसकट २० मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. १६५ अंशांवर १८ ते २० मिनिटं, मधल्या खाचेत. वरचा रंग फिकाच असतो, खालची कड बदामी झाली की झालं. ओव्हनमध्ये मऊच लागतात, गार झाल्या की कडक होतात.

तुमच्या सादळल्या त्या पंख्याखाली बराच वेळ उघड्या राहिल्या असतील, किंवा कोमट असताना डब्यात गेल्या असतील. उघड्यावर साखर हवेतलं पाणी ओढते, कोमट भरल्या तर झाकणाला वाफ धरते. पावसाळ्यात ओव्हन बंद करून दार दोन बोटं उघडं ठेवा आणि ट्रे आतच गार होऊ द्या. आतली हवा कोरडी असते. पूर्ण गार झाल्या की लगेच घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरा. एक मोठा डबा नको, तीन लहान करा, म्हणजे मुलांनी एक उघडला तरी बाकीच्या सादळणार नाहीत. सादळल्याच तर १२० अंशांवर १० मिनिटं ठेवून तशाच आत गार करा.

---

नौपाडा_किचन

@खुसखुशीत, सोड्याची मला गरज वाटत नाही, बेकिंग पावडर पुरते. सोडा जरा जास्त पडला की साबणासारखी चव येते आणि रंगही आधी गडद होतो.

---

खुसखुशीत

वरच्या भेगा सोड्याशिवाय तितक्या मोकळ्या येत नाहीत, म्हणून घालते. पण चिमूट म्हणजे खरोखर चिमूट, १ ग्रॅमच्याही आत. हात सैल असेल तर न घातलेलाच बरा.

---

सीवूड्स_उसळ

पाव झाला की सोबत वाटाण्याची उसळ हवीच. सहा माणसांना पांढरे वाटाणे ३०० ग्रॅम, ८ ते १० तास भिजवा. पावसाळ्यात भिजवलेलं पाणी एकदा तरी बदला, नाहीतर फेस येतो आणि आंबूस लागतं. हळद, हिंग, मीठ घालून कुकरला ४ शिट्ट्या आणि मंद आचेवर ५ मिनिटं. आमसूल किंवा टोमॅटो कुकरमध्ये घालू नका, आंबटात वाटाणा शिजत नाही.

वाटण : दोन कांदे उभे चिरून तेलावर चांगले गडद परतलेले, सुकं खोबरं अर्धी वाटी भाजून, लसूण ८ पाकळ्या, इंचभर आलं, धणे १ चमचा, मिरी ४, लवंगा ३. खोबरं आणि कांदा वेगवेगळे भाजा. एकत्र भाजले तर कांद्याचं पाणी आटेपर्यंत खोबरं करपतं. तेलात वाटण तेल सुटेपर्यंत परतायचं, २ चमचे मालवणी मसाला, मग वाटाणे त्यांच्याच पाण्यासकट. पळीभर वाटाणे चिरडून घातले की रस्सा आपोआप दाट होतो. शेवटी ३ आमसुलं, ५ मिनिटं उकळी. पावाचं दुसरं फुगवणं सुरू झालं की फोडणी टाका, पाव गार होईपर्यंत उसळ मुरते.

---

मोगरा_घोडबंदर

सगळं वहीत उतरवून घेतलं. शेवटचा एक प्रश्न @जुनी_भट्टी : हेच ४ ग्रॅम यीस्टचं माप डिसेंबर-जानेवारीत चालेल की परत वाढवायचं?

---

जुनी_भट्टी

थंडीत घरात २२-२३ अंश असतात. ५ ते ६ ग्रॅम करा आणि पाण्याचा तोच हिशोब मांडा : ७८ वजा २३ वजा २३ वजा ३, म्हणजे २९ अंश. नळाचं पाणी गार असेल तर थोडं गरम पाणी मिसळा. पहिलं फुगवणं सव्वा ते दीड तास जाईल, दुसरं तासाच्या आसपास. पाणी २५० पर्यंत वाढेल, कारण तेव्हा मैदा कोरडा असतो. व्हिनेगर तेव्हा नाही घातलं तरी चालतं. उबेसाठी बंद ओटीजीत पातेलं ठेवा आणि शेजारी कढत पाण्याची वाटी. ओव्हन चालू करून उब देऊ नका. छोटा ओटीजी मिनिटभरात ५५-६० अंशांच्या पुढे जातो आणि यीस्ट मरतं. ग्लास आणि रबर बँड मात्र तेव्हाही लावा.